तोंड मिटून हसायचं

१४ नोव्हेंबर १९९९

ठरलं! राकेशकडून होकार आला. इंदिरानगरचं स्थळ, मुलगा पंचायत समितीत क्लार्क. एकलहऱ्याच्या आमच्या कॉलनीत एवढं चांगलं स्थळ कुणाला आलं नव्हतं म्हणे. पप्पा विजेच्या प्लँटवरून सुटले ते पेढे घेऊनच आले.

आईने मला आत ओढलं. "तोंड मिटून हसलीस, बरं केलंस. आता लग्नापर्यंत असंच."

पुढचा दात! दहावीत सायकलवरून पडले, तेव्हा तुटला नाही, हललाही नाही. मग हळूहळू राखाडी झाला. आता काळा. दुखत नाही म्हणून कुणी दाखवला नाही. स्थळासाठी फोटो काढला तेव्हाही स्टुडिओत फोटोवाला "मॅडम, थोडं हसा" म्हणत राहिला आणि आई मागून — "असाच काढा. गरीब सोभावाची हाय ती."

गरीब स्वभावाची!

१७ नोव्हेंबर

दाताच्या वर हिरडीला पुटकुळी आलीय. दाबली की खारट, घाण चव येते. आईला दाखवली. "मिठाच्या पाण्यानं चुळा भर. लवंग धर."

दवाखान्यात जाऊ म्हटलं तर दचकलीच. "येडी का तू? राकेशची मावशी नाशिकरोडलाच राहती. दाताच्या डॉक्टरकडं कुणी बघितलं तर म्हणतील, पोरीत काय तरी खोट हाय! लग्न झाल्यावर बघ काय बघायचं ते."

२० नोव्हेंबर

गेले! कॉम्प्युटर क्लासात मी रिसेप्शनला बसते, आशा शिकवते. जेवणाच्या सुट्टीत तिनेच हाताला धरून दाताच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाईच आहेत. मी तोंडाला ओढणी गुंडाळूनच शिरले. म्हणाल्या, "इथं तरी उघडावं लागेल, मनाली."

गारठवलेला कापूस एकेका दाताला लावून बघितला. शेजारच्या दातांना चटका बसला. काळ्याला — काहीच नाही.

"दुखत नाही हेच वाईट," म्हणाल्या. "आतली नस मेलीय. रंग बदलायला लागला तेव्हाच यायला हवं होतंस. ही पुटकुळी म्हणजे आतला पू बाहेर यायला वाट शोधतोय." एक्स-रे उजेडावर धरून मुळाच्या टोकाशी डाग दाखवला. तिथलं हाड खराब होतंय. आज केलं तर दात वाचेल — आतून साफ करून भरायचा, वर कॅप. उशीर झाला तर काढावाच लागेल.

"आज सुरू करू?"

"घरी विचारून सांगते."

"वय काय तुझं?"

"चोवीस."

त्यांनी हातमोजे काढले.

२१ नोव्हेंबर

आईला विचारलं. नाही म्हणाली. पप्पांच्या कानावर घातलंस तर बघ, म्हणाली.

२८ नोव्हेंबर

राकेश पांडवलेणीवर घेऊन गेला. पप्पांनीच जा म्हटलं. वर बसल्यावर त्याने त्याच्या साहेबांची नक्कल केली — फाईल डोळ्याला चिकटवून वाचतात ती! हसू असं उसळलं, की मी ओठ चावला आणि खडकाकडे तोंड फिरवलं. तो थांबला. नक्कल तिथंच संपली.

उतरताना म्हणाला, "एक विचारू? हे तुमच्या मनाविरुद्ध तर नाही ना?"

"नाही."

"मग तुम्ही हसत का नाही?"

काय सांगू! माणूस चांगला आहे. तोच तर त्रास आहे. वाईट असता तर लपवायला काही वाटलं नसतं.

५ डिसेंबर

पप्पा चैत्यभूमीला गेलेत, कॉलनीतल्या सगळ्यांबरोबर. सकाळी उठले तर वरचा ओठ सुजून नाकाला भिडलेला. अंगात ताप. आईने मेडिकलमधून गोळ्या आणल्या.

तेवढ्यात शेजारच्या भागीबाई आल्या. आईने मला आतल्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. "झोपलीय ती. डोकं दुखतंय." दोघी चहा पीत बसल्या. बारा तारखेच्या साखरपुड्याच्या साड्यांचं बोलणं चाललं होतं. मला पाणी हवं होतं. हाक मारायची नव्हती.

माझ्याच घरात, दिवसाढवळ्या, कडी लावून!

७ डिसेंबर

सूज उतरली. आई खूश. "बघ, गेलं की नाय?" गेलेलं नाही. हिरडी दाबली की आत ठणकतं.

पप्पा आले. "काय झालं गं तोंडाला?" आई म्हणाली, थंडीनं. पप्पा माझ्याकडेच बघत राहिले. आणि मीही म्हणाले — थंडीनं.

मीसुद्धा!

९ डिसेंबर

एसटीडी बूथवरून राकेशच्या ऑफिसला फोन लावला. एका दमात बोलून टाकलं — पुढचा दात काळा आहे, आत पू झालाय, ट्रीटमेंट करावी लागणार, म्हणून हसत नाही.

तो म्हणाला, "एवढंच? मला वाटलं मीच आवडलो नाही!" मोठ्याने हसला. मी बूथमध्ये रडायलाच लागले.

मग त्याचा आवाज बारीक झाला. "पण माझ्या आईला सांगावं लागेल गं."

११ डिसेंबर

नकार. उद्याचा साखरपुडा होणार नाही. मध्यस्थ सहादूमामा निरोप घेऊन आले — खोट लपवली म्हणतात. राकेश? राकेशचा काही निरोप नाही.

"कसली खोट?" पप्पांनी विचारलं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि तोंड उघडलं. त्यांनी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली.

"मला का नाही सांगितलं?"

आई भिंतीकडे तोंड करून बसली होती.

१३ डिसेंबर

पप्पांनी सुट्टी टाकली. स्कूटरवरून दवाखान्यात नेलं आणि बाहेर बाकावर बसून राहिले. दात वाचेल म्हणाल्या डॉक्टर. कशीबशी वेळेत आलीस, म्हणाल्या.

१९ डिसेंबर

आई बोलत नाही. वाढते, ताट उचलते. भागीबाईंना सांगत होती — पोरीनं हातानं घालवलं.

५ जानेवारी २०००

कॅप बसली. शेजारच्या दातासारखीच आहे, ओळखू येत नाही. पप्पा म्हणाले, "हस बघू." हसले. आई उठून आत गेली.

राकेशचं दुसरीकडे ठरलं, असं आशाने ऐकलंय. वाटलं होतं तेवढं लागलं नाही. थोडं लागलं.

१० जानेवारी

कामावर निघाले तर आई चपला घालून दाराशी उभी.

"चल."

"कुठं?"

"तुझ्या त्या डॉक्टरीणबाईकडं." पदराआड गाल ओढून तिने तोंड उघडलं. खालच्या दाढा नाहीतच — नुसती काळी खुंटं. हिरडी सुजून लाल.

"आई! कधीपासून?"

"तू पाळण्यात होतीस."