हातगुण

डोंबिवली (पूर्व),
२३ नोव्हेंबर १९९९

प्रिय रतन,

दीड वर्षात मी तुला दोन पत्रं लिहिली. दोन्हीत इकडचं तिकडचं भरलं, आणि तूही पोस्टकार्डावर ‘सर्व ठीक’ लिहून मोकळा झालास. हे तिसरं जरा लांबेल. शेवटपर्यंत वाच, मग चुलीत घातलंस तरी माझी तक्रार नाही.

गेल्या गुरुवारी खोपटच्या डेपोत मनुमावशी भेटली. मोहन्याला लेकाकडे, म्हणजे तुझ्याकडेच, थोडे दिवस राहायला निघाली होती, पिशवीत सुके बोंबील आणि सोडे. मला चष्मा लागलेला बघून हसली, म्हणाली, नोकरी लागली वाटतं. कल्याणची गाडी यायला वेळ होता, म्हणून बाकड्यावर बसून बोललो. तुमच्या स्टोअरमध्ये कॉम्प्युटर आलेत, साहेबांनी तुला पोती उचलणं सोडून आत त्यांवर बसशील का म्हणून विचारलंय, एक तारखेपर्यंत सांगायचंय आणि तू नको म्हणतोयस, हे तिच्याकडूनच कळलं. तू का नको म्हणतोयस तेही तिनं सांगितलं. त्यावर मी शेवटी येतो. आधी माझं सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा शेपूट घालीन.

आमच्या वर्तकनगरच्या घरातला तो डबा तुला आठवत असेलच. बाबांच्या ऑफिसनं मोडीत काढलेला, पिवळा पडलेला, पेंटियम शंभर. आपला मोटारींच्या शर्यतीचा गेम त्यावर असा चालायचा की गाडी पुलावर दिसायची आणि पुढच्या क्षणी भिंतीत. तू म्हणायचास, यापेक्षा माझी सायकल पळते. नवा बोर्ड, नवी रॅम वगैरे आपल्या आवाक्यातलं नव्हतं. अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर फक्त प्रोसेसर बदलायचा, तोही वापरलेला, असं आपण ठरवलं. मी शिकवण्यांचे पैसे घातले. तू नाथाकाकांबरोबर खाडीत जाळी ओढून जे साठवलं होतंस ते सगळं घातलंस. अठ्ठ्याण्णवची होळी झाल्यावरच्या शनिवारी आपण लॅमिंग्टन रोडला गेलो. त्या दुकानदारानं २३३ चा प्रोसेसर आपल्यासमोर चालवून दाखवला आणि बजावलं, पायरी उतरलात की आपला संबंध संपला.

बसवायचा रविवारी दुपारी, आणि तूच बसवायचा, हे येतानाच ठरलं होतं. तुझ्या हाताला गुण आहे, हे तेव्हा साऱ्यांनाच ठाऊक होतं. मनुमावशी बाजारात टोपली मांडली की भवानी तुझ्या हातून करून घ्यायची. पहिली मासळी तू गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकायचास, मग दिवस चांगला जायचा. आमची आई मासळीचं नाव काढलं की नाक मुरडणार, पण मिक्सर बंद पडला की तिला रतनच हवा. मला या गोष्टीचा थोडा हेवा वाटायचा. गणितात मी पुढे, इंग्रजीत मी पुढे, आणि बंद पडलेली वस्तू हात लावताच सुरू व्हायची ती तुझ्यासाठी. तू चेंदणीला घरी जायला सायकलवर टांग मारलीस तेव्हा मागे वळून म्हणालास, प्रोसेसरची पुडी उघडू नको हां.

मी उघडली. त्याच संध्याकाळी. आईबाबा कल्याणला रिसेप्शनला गेले होते, घरात मी एकटा. म्हटलं, एकदाच चालू करून बघू, मग होता तसा ठेवू आणि उद्या रतनसमोर नवलाचा आव आणू. जुना काढला, नवा बसवला. बोर्डावरचं ते नखाएवढं टोपण, जंपर, जुन्याच जागी राहिलं. नव्याला वीज कमी लागते, टोपण आधी सरकवायला हवं, हे दुकानदारानं दोनदा सांगितलं होतं. तू कागदावर लिहून घेत होतास. मी शेजारच्या दुकानातल्या जॉयस्टिक बघत होतो. बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा काही उजळेना. मी अडाण्यासारखा तसाच थांबलो, आता उजळेल, मग उजळेल. मग वास आला. तो वास मला अजून सांगता येत नाही, पण तो कुठेही आला तरी मी ओळखीन. टोपण सरकवून पुन्हा लावून बघितलं, फुंकर मारली, गणपतीला हात जोडले. गेलेलं गेलं होतं.

रतन, इथपर्यंत ती चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते, आणि तू मला दोन शिव्या देऊन सोडलंही असतंस. पुढे मी जे केलं ती चूक नव्हती. मी जुना प्रोसेसर परत बसवला, टोपण जागेवर नेलं, खिडक्या उघडून वास घालवला आणि मेलेला प्रोसेसर होता तसा पुडीत बांधून ठेवला.

रविवारी तू बाजार आटपून आलास. आमच्या मोरीत दोनदा साबण लावून हात धुतलेस. खिशातून उदबत्तीचा पुडा काढलास, मी हसलो. जंपर तू स्वतः बदललास, कागदावरचं दोनदा वाचून. पिना सरळ आहेत का ते उजेडात धरून बघितलंस. तू सगळं बरोबर केलंस. इतकं बरोबर की मला तिथे उभं राहवत नव्हतं, आणि तरी मी उभा राहिलो. तू बटण दाबलंस. काहीच झालं नाही. तू माझ्याकडे बघितलंस, आणि त्या क्षणी मला सांगता आलं असतं. त्याऐवजी मी विचारलं, “हात ओले होते का रे तुझे?”

तू हात नाकाशी नेऊन हुंगलेस. मग म्हणालास, मासळीच्या बर्फाचं पाणी राहिलं असेल, खारं पाणी वाईट. आणि माझीच समजूत घालू लागलास. स्वयंपाकघराच्या दारातून आई बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते तू बघितलंस, मीही बघितलं. जाताना तू ती पुडी मागून घेतलीस. तुला ती कशाला हवी, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर तू आमच्याकडे आला नाहीस. आपण दोघांनी मिळून आणलेला हार्डवेअरच्या कोर्सचा फॉर्म मी एकट्यानं भरला. आज त्याच कोर्सच्या जोरावर मी ऑफिसाऑफिसांत जाऊन, नव्या वर्षात कॉम्प्युटर बंद पडणार नाहीत ना, हे तपासत फिरतो. लोक चहा पाजतात, साहेब म्हणतात. तू मोहन्याला पोती उचलतोस. मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो की तुझं ते तू निवडलंस, माझा काय संबंध. त्या दुकानदारासारखाच.

खोपटला गाडी लागली तेव्हा मनुमावशीनं पिशवीतून तुझ्या खोलीची किल्ली काढून बघितली, विसरली तर नाही ना म्हणून. किल्लीला तो प्रोसेसर लटकत होता. कोपऱ्याला भोक पाडून तू त्यात कडी घातलीयस. काळाठिक्कर, अर्ध्या पिना वाकलेल्या. मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, “तो बोलतो, माजा हात जलका हाय. इसरू नको म्हनून बांधलाय.” भवानीला हात लावणंही तू सोडलंयस, हेही तिनं सांगितलं. मग गाडीत चढली आणि खिडकीतून मलाच म्हणाली, तू सांग त्याला, तुझं ऐकतो तो.

तेवढ्यासाठी हे पत्र. तुझा हात ओला नव्हता. त्याला वासही नव्हता. तुझ्या हातात दिला त्याच्या आदल्या संध्याकाळी तो प्रोसेसर मी जाळला होता. साहेबांना हो सांग. माझ्यावर राग धर, बोलू नकोस, काय वाटेल ते कर, पण एक तारखेच्या आत हो सांग. येत्या रविवारी मी मोहन्याला येतोय, मनुमावशीसमोर हेच पुन्हा सांगायला, आणि तिथून घरी जाऊन आईलाही सांगणार आहे. दार उघडलं नाहीस तरी बाहेर बसेन. फक्त त्या किल्लीतून ती चीज काढून ठेव आणि मला दे. दीड वर्ष तू बाळगलीस, पण ती माझी आहे.

अजून म्हणू दिलंस तर तुझाच,
हरिहर