कुलूप बाहेरून

६ जानेवारी २०२५

आज पुन्हा बाहेरून कुलूप!

बाहेर पथारीच्या मैदानावर मिरची वाळते, आत शेडमध्ये आम्ही बाया देठ खुडतो. बाया सारख्या बाहेर जातात, काम मागे पडतं — म्हणून मुकादम नवल सकाळीच दाराला कुलूप ठोकतो आणि उघडतो थेट जेवणाच्या सुट्टीला. आज शोभामावशीला ठसका लागला. साधासुधा नाही, डोळे पांढरे झाले. आम्ही दार बडवतोय आणि नवल चहाला गेलेला! तो येईपर्यंत मी तिचं तोंड खिडकीच्या जाळीला लावून तिला धरून उभी. वाचली. नवल म्हणाला, पाणी पाजा आणि लागा कामाला.

घरी येऊन पुस्तक उघडलं. बीएचा अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर जवळ आलाय. न्यूयॉर्क, १९११. बायकांचे कपडे शिवायचा कारखाना. आग लागली, आणि जिन्याचं एक दार कुलूपबंद — पोरींनी चोरी करू नये म्हणून. एकशे सेहेचाळीस जीव गेले. बहुतेक माझ्या वयाच्या पोरी. इटलीहून, रशियाहून पोट भरायला आलेल्या.

पुस्तकात चार ओळी. मग लगेच — ‘त्यानंतर कामगार कायद्यांत सुधारणा झाल्या.’ झाल्या म्हणे! आपोआप?

७ जानेवारी

देठ खुडता खुडता बायांना सगळं सांगितलं. शोभामावशीने एवढंच विचारलं, “मंग मालकले काय सजा झायी?”

म्हटलं, सुटले.

मावशीने हातातलं देठ भिरकावलं. मग मीच म्हणाले, उद्या कुलूप लागणार असेल तर मी आत येणार नाही. शेजारी बसलेल्या अम्मीने मांडीला चिमटा काढला. परतताना रस्त्यात म्हणाली, “अमेरिका तेरे पेपर में रख, रिम्शा.”

नाही ठेवणार.

८ जानेवारी

दारासमोर बसलो. निम्म्याहून जास्त बाया! शोभामावशी सगळ्यांत पुढे. नवल हात झटकून म्हणाला, “कुलूप शेठनं शे, मन्हं नही.” मग शेठला विचार, म्हटलं. शेठ फोनवर म्हणाला, बसू दे उन्हात.

अम्मी आत गेली. माझ्या देखत. उरलेल्यांबरोबर माझ्या अंगावरून गेली, बघितलंसुद्धा नाही. नवलने कुलूप लावलं.

माझी आई कुलपात आणि मी बाहेर. दिवसभर दाराकडे पाठ करून बसले. बघितलं असतं तर उठले असते.

९ जानेवारी

अम्मी बोलत नाही. डबा मात्र भरून देते.

१० जानेवारी

शेठने मोलगी गावाकडून जीप भरून बाया आणवल्या. डोंगरातल्या. आमच्यातल्या एकीने दगड उचलला — ह्या आल्या आमच्या पोटावर पाय द्यायला! खोटं कशाला लिहू, मलाही तेच वाटलं होतं. पण पुस्तकात हेच तर आहे! एका बोलीचे मजूर संपावर बसले की दुसऱ्या बोलीचे आणायचे. मग ते आपसात भांडतात, आणि मालक निवांत.

दगड तिच्या हातातून काढून घेतला आणि जीपजवळ गेले. पहिली उतरली ती रूपा. आश्रमशाळेत शिकलेली, मराठी चांगलं बोलते. म्हणाली, “काम आहे म्हणून आणलं. तुम्ही बसला आहात हे कुणी सांगितलं नाही.” मी शोभामावशीचं सांगितलं, कुलूप दाखवलं. तिने आपल्या बायांना त्यांच्या बोलीत सांगितलं. खूप वेळ बोलणं चाललं. मला एक शब्द कळला नाही.

आणि मग त्या आत गेल्या! कुलूप लागलं. आमच्या बाया माझ्याकडे बघत होत्या, जणू मीच आत पाठवल्या.

११ जानेवारी

काय झालं!

दुपारी नवलने दार उघडलं, कुलूप कडीला तसंच लटकवलं आणि जेवायला गेला. डोंगरातल्या बाया बाहेर आल्या, आमच्या रांगेला लागून बसल्या. आमच्या जरा सरकल्या. जेवणं झाली. त्या उठल्याच नाहीत. रूपा म्हणाली, “काल आतून दार ढकलून बघितलं. आता कळलं तुम्ही का बसलात.”

नवल परत आला तर कडी रिकामी! कुलूप गायब! सगळी पथारी धुंडाळली. शेवटी अम्मीकडे गेला, ती तर त्याच्या भरवशाची. अम्मी पोत्यावर बसून दात कोरत होती.

“मैंने नहीं देखा,” म्हणाली.

पोत्याखालीच होतं. रूपाने काढलं, अम्मीने वर बैठक मारली!

नवं कुलूप आणायला निघाला, तेव्हा दोन्हीकडच्या बाया उठून दारात उभ्या राहिल्या. आज मालाची गाडी भरून पाठवायची होती. शेठने फोनवर शिव्या दिल्या, मग म्हणाला — राहू दे उघडं, काम सुरू करा.

उघडं!

१३ जानेवारी

दारातून वारा येतो. ठसका येतोच, पण उठून बाहेर जाता येतं. रूपाने मला त्यांच्या बोलीतले दोन शब्द शिकवले. एक शिवी आहे बहुतेक.

१५ जानेवारी

नवलने सांगितलं, पुढच्या हंगामाला शेठ देठ खुडायचं मशीन आणतोय. घरी आल्यावर अम्मी चूल पेटवायची सोडून माझ्यासमोर येऊन बसली. “किताब निकाल,” म्हणाली. “मशीन आया तब उन औरतों ने क्या किया, वो पढ़.”