हाकेच्या अंतरावरची शेड

उंबरवाडी, ता. कर्जत
१८ नोव्हेंबर २०२४

चि. जगदीश,

तुला माझा, आईचा आणि बाचा आशीर्वाद.

दत्ता उद्या सकाळी टेंपो घेऊन तुमच्याकडे निघतोय. त्याच्याजवळ हे पत्र देतेय. तू माझा फोन उचलत नाहीस, त्याचा मला राग नाही. पण हातात आलेला कागद तू न वाचता फाडणार नाहीस, एवढी माझी खात्री आहे.

आईने नाचणीचं पीठ, सुकट आणि नव्या भाताचे तांदूळ बांधून दिलेत. पिठाची पिशवी आधी उघड, नाहीतर किडे होतील असं तिने तीनदा बजावलंय. दत्ताला तू पुढची सीट मोकळी ठेवायला सांगितली होतीस. ती मोकळीच येईल. तुझी सोमी येत नाहीये. का येत नाही तेच लिहायला बसलेय, पण आधी घरचं लिहिते.

भात झोडून झालं. यंदा दाणा चांगला भरला. बाचा गुडघा तसाच, तरी खळ्यावर बसून सगळ्यांना हुकूम सोडत होता. दिवाळीत तू येशील म्हणून त्याने वाटेवरचं गवत काढून ठेवलं होतं. आला नाहीस तेव्हा जाऊन गुरं सोडून आला.

माझी अंगणवाडी चालू आहे. एक गंमत सांगते, म्हणजे गंमत तरी कशी म्हणू. शेडमधली मशिनं गेली, आवाज गेला, पण आपली पोरं अजून ओरडूनच बोलतात. खिचडी हवी असली तरी ओरडून, शेजारच्याशी गुपित बोलायचं तरी ओरडून. जी पोरं त्या आवाजातच बोलायला शिकली, त्यांना हळू बोलायचं असतं हेच ठाऊक नाही. मी त्यांना कानात बोलायचा खेळ शिकवतेय.

शेड रिकामी आहे. मागच्या भिंतीला पंख्यांची गोल भोकं तेवढी राहिलीत. त्या भिंतीमागची करवंदीची जाळी गरम वाऱ्याने करपली होती, ती पावसाळ्यातही फुटली नाही. ओढ्यावरचा जनरेटरच्या डिझेलचा तवंग वाहून गेला म्हणतात. आई तरी अजून गुरांना तिथे पाणी पाजत नाही.

तुला आठवतं, तू ही नोकरी लागल्याचं सांगायला आलास तो दिवस? मोहोपाड्याच्या कंपनीतलं कंत्राट संपून तू घरी बसला होतास. कोंबड्यांच्या बंद पडलेल्या शेडमध्ये कुणी शेठ मशिनं लावतोय, आयटीआयवाला वायरमन पाहिजे, असं कळलं आणि तू धावलास. बाने विचारलं, "मशिनं करतात काय रं?"

"कॉम्प्युटरच हायत, गणितं सोडवतात. सुटलं की शेठला नाणं मिळतं."

"कुठं हाय नाणं?"

"हातात नाय येत, बा. मोबाईलमधी दिसतं."

"आन् खातात काय?"

"लाईट."

आई चुलीपाशी होती. म्हणाली, "खातात तर हगत पण असतील काईतरी!"

तू म्हणालास, "गरमी!"

किती हसलो होतो आपण. सोमी तर तोंडावर पदर धरून बाहेर पळाली. तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं तुमच्या. नवरा घराजवळ कामाला, दुपारचा डबा गरम पोचवता येतो, याचं तिला केवढं अप्रूप होतं!

म्हणून म्हणते, ती शेड पहिल्यापासून माझ्या डोळ्यात खुपत होती असं समजू नकोस. शेठ यायचा, भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या दिशेला हात करायचा आणि म्हणायचा, आपली लाईट पाण्याची, धूर नाही की काही नाही. डोंगरावरून उतरणारे ते मोठाले पाइप आपण लहानपणापासून बघतोय. मलाही पटलं होतं.

मग मशिनं वाढत गेली. पंखे वाढले. आपल्या घरातले बल्ब संध्याकाळी लाल व्हायला लागले. मे महिन्यात गावची डीपी जळाली, लाईट गेली आणि नळपाण्याची मोटर बंद पडली. तुमच्या शेडला जनरेटर होता, आम्हाला डोक्यावर हंडा होता. हे टोचून लिहीत नाही रं. तसंच होतं, म्हणून लिहिते.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेचं तुझ्या मनातून जात नाही, ते मला कळतं. भिसेगावच्या गोपाळकृष्णकाकांना मीच बोलावलं होतं. माझ्या मैत्रिणीचे वडील, जन्मभर वीजकेंद्रात नोकरी केलेले. ते म्हणाले, "तारेत आल्यावर पाण्याची वीज निराळी आणि कोळशाची निराळी राहत नाही. सगळी एकच होते. ही शेड दिवसरात्र जेवढी ओढते, तेवढी कुठेतरी भट्टीत कोळसा घालून भरून काढावी लागते. तिथला धूर तुम्हाला इथून दिसत नाही, एवढंच." नंतर मी उठले आणि म्हटलं, शेड हलवा. तू मागे दाराला टेकून उभा होतास. मी तुझ्याकडे बघितलं नाही.

सरपंचांनी कारण विचारलं. मी डीपीचं सांगितलं, डिझेलचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं. सगळं खरंच होतं. पण माझं कारण ते नव्हतं.

मला वाटलं होतं शेड गेली की तू घरी राहशील. तू मशिनांबरोबर लांबच्या नव्या शेडवर निघून गेलास. आणि आता दत्ताजवळ निरोप पाठवतोस, "माझ्या बहिणीनं माझी भाकरी हिसकावली, आता बायकोला पण कोंडून ठेवलीय."

मी तिला कोंडलेलं नाही. काल मी तिच्यासमोर तिची पिशवी ठेवली आणि म्हटलं, सोमी, तुझा नवरा आहे, तुझं मन असेल तर जा, मी अडवणार नाही. तिने पिशवी उचलली, दोन लुगडी भरली, परत काढली. मग म्हणाली, "तिकडं पण पंखे असतील ना, बाय?"

जगदीश, आता वाच. आणि बसून वाच.

मेमध्ये सोमीचा पाय घसरला, पोटातलं सात महिन्यांचं पोर गेलं, हे तुला माहीत आहे. पाण्याला गेली होती हेही माहीत आहे. पण कुठल्या पाण्याला, ते तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. ती मला वाटेवरच्या उंबराखाली सापडली, म्हणून सगळे धरून चालले की ती वरच्या झऱ्यावरून येत होती. मीही तसंच समजत होते.

वरच्या झऱ्याला पाणीच नव्हतं रं. ती खाली गेली होती, शेडमागच्या ओढ्यावर. ऊन कललं होतं. दवाखान्यात तिने मला सांगितलं. हंडा भरून उचलताना ती खडकावर पडली. उठता येईना. शेड समोरच. मागची खिडकी उघडी होती आणि तू तिला दिसत होतास, पाठमोरा, कानात बोळे घालून एका मशिनाचं काहीतरी खोलत होतास. तिने आधी "अहो" म्हणून हाक मारली. मग जी चारचौघांत कधी तुझं नाव घेत नाही, ती नाव घेऊन ओरडली. किती वेळ ओरडली ते तिला सांगता येत नाही. तू एकदा वळलास देखील, खिडकीतून बाहेर बघितलंस आणि घाम पुसून परत कामाला लागलास. खडकाच्या सावलीत पडलेली ती तुला दिसली नाही. आणि ऐकू तर येणारच नव्हतं.

मग तीच रांगत, झाडांना धरत उंबरापर्यंत आली.

तिने मला शपथ घातली. म्हणाली, "त्यांना सांगू नका, बाय. जल्मभर तीच हाक कानात ऱ्हाईल त्यांच्या." म्हणून मी गप्प राहिले. तू मला घर फोडणारी म्हणालास, तेव्हाही गप्प राहिले. तिला मात्र मी रोज बघते. गावात गिरणी सुरू झाली की ती दळण तिथेच टाकून लांब झाडाखाली जाऊन उभी राहते. आई समजते पोर गेल्याचं दुःख आहे. आहेच ते. पण नुसतं तेवढं नाही.

काल तिने पिशवी रिकामी केली, तेव्हा मी विचारलं, "आता तरी लिहू का?" तिने पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "लिवा. पण त्यांची चूक हाय असं नका लिवू."

नाही लिहीत. तुझी चूक नव्हती. तू राबत होतास. तुझ्या जागी मी त्या पंख्यांत उभी असते, तर मलाही ऐकू आलं नसतं. पण ती तिकडे का येत नाही, हे तुला कळायला हवं. आणि मी ग्रामसभेत का उठले, तेही.

एक गोष्ट मात्र मला सलते. दत्ता सांगतो, तिकडे शेडला लागूनच वस्ती आहे. मी शेड हलवा म्हटलं, बंद करा म्हटलं नाही. आपल्या दारातून उचलून ती कुणाच्या दारात जाईल, याचा विचार मी केला नाही.

आणखी काय लिहू. तू ये असं लिहीत नाही, येऊ नकोस असंही नाही. मनातलं ओझं तुझ्या खांद्यावर ठेवतेय, थोरली असून.

तुझी
नंदाबाय


(दत्ताजवळ)
२३ नोव्हेंबर

नंदाबाय,

तुझ्या पाया पडतो. आय-बाच्या पन.

पत्र टेंपोत बसून वाचलं. दत्तानं इचारलं काय रं झालं. मंग त्याला म्हटलं, तू त्या बांधापाशी जाऊन उभा ऱ्हा आन् जोर लावून माझ्या नावानं ओरड. तो म्हनाला येडा झाला का. म्हटलं जा रं.

मी आत जाऊन रोजच्या जागी उभा ऱ्हायलो. कानातले बोळे काढले. खिडकीतनं दत्ता दिसत व्हता. त्याचं तोंड उघडत व्हतं, मिटत व्हतं, मानेच्या शिरा फुगल्या व्हत्या. मला काय आयकू आलं नाय बाय. कायच नाय.

मंग मी मेन सुईच पाडला. पंखे लगेच थांबत नायत, हळूहळू उतरतात. ते उतरले आन् मला दत्ता आयकू आला. कुनाची तरी शेळी वरडत व्हती. एक बाई तिच्या पोरीला हाका मारत व्हती. इतके दिस मी हितं ऱ्हातो, ह्या वस्तीत पोरं हायत हे मला दिसत व्हतं, पन त्यांचा आवाज मी पयल्यांदा आयकला.

शेठचा फोन लगेच आला. मशिनं का बंद? म्हटलं, आयकतोय. त्याला काय कळलं नाय. त्यानं शिव्या दिल्या. मी सुईच परत वर केला. खोटं कशाला सांगू, केला. मी पाडून ठेवला तरी उद्या दुसरा कोन येऊन वर करनार.

शेठ म्हनायचा तिकडं लाईट सस्ती. का सस्ती ते हितं आल्यावर कळलं. कोळसा हितंच जळतो, राख हितंच पडते. चावाली म्हातारी कप धुऊन ठेवते, तरी चा वतायच्या आदी पदरानं आतनं पुसते. दोरीवरचं धुनं संध्याकाळी राखाडी. तिला मी सांगितलं, आमच्या गावातनं ही मशिनं काढली. ती म्हनाली, "तुमचं गाव नशिबाचं." मी मान खाली घातली. तुला एकटीला सलत नाय बाय, मला पन सलतं. मशिनं भरून हितं मीच घेऊन आलो.

मी तुला लय वंगाळ बोललो. तू आयकून घेतलंस.

शेठला सांगून टाकलंय, दुसरा मानूस बघ. तो आला की त्याला काम दाखवून मी निघनार. जाताना त्याला बोळे घालू नको असं सांगनार व्हतो, पन बोळे न घालता त्यात उभं ऱ्हाता येत नाय. म्हनून खिडकीतनं सारखं भाईर बघत जा, एवढंच सांगीन.

घरी येऊन काय काम करीन ते मला ठावं नाय. बाच्या संगं शेतात उतरीन. मिळंल ते करीन.

सोमीला हे वाचून दाखव. तिला म्हनावं, मी आयकलं नाय गं. त्या दिवशी खिडकीत वळलो ते मला आठवतं. वारा घ्यायला वळलो व्हतो. ओढ्याकडं नजर गेली व्हती, पानी चमकत व्हतं, एवढंच बघितलं.

मी येतो तवा आत नाय येनार. अंगनात उभा ऱ्हाऊन तिला हाक मारीन. ओ द्यायची का नाय, ते तिच्यावर. नाय दिली तरी मी तितंच हाय.

तुजा धाकटा
जगदीश