बुरुजाखालची पाटी

बुध. ४ जून

निखिलचे आई-बाबा पोचले. आता दीड महिना इथेच. हीथ्रोवरून मेडनहेडला येईपर्यंत आईंनी मोटरवेवरच्या सगळ्या पाट्या मोठ्याने वाचल्या. पाटी दिसली की वाचल्याशिवाय राहवत नाही बाईंना. त्रेसष्ट वय, गुडघे ठणठणीत, नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपच्या लीडर, हरिहरच्या पायऱ्या चढून आलेल्या. त्यांना लंडन आय वगैरे नको, किल्ले हवेत. म्हणून नि.ने जानेवारीतच दर शनिवारी एक किल्ला असा प्लॅन एक्सेलमध्ये करून ठेवला. जानेवारीत मला तरी कुठे माहीत होतं.

सातवा आठवडा लागलाय. नि.ला शपथ घातली आहे, तीन महिने होईपर्यंत आईंपुढे अवाक्षर काढायचं नाही. मागच्या वेळी पट्टीवर दोन रेघा दिसल्या त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी आनंदाच्या भरात अख्ख्या ग्रुपला सांगितलं, पेढे वाटले. मग ते गेलं. मग त्या सगळ्या बायकांचे एकेक करून मला फोन. 'अजून वय आहे गं.' एकीने तर रव्याचे लाडू पाठवले, कशासाठी देव जाणे. तो फेरा मला पुन्हा झेपणार नाही.

शनि. ७ जून, विंडसर

सिक्युरिटीच्या रांगेतच मळमळायला लागलं. पुढच्या माणसाचा परफ्यूम. ॲसिडिटी आहे म्हणून सांगितलं. बाबांनी खिशातून आवळा-सुपारी काढून दिली, काही विचारलं नाही. बाबा दिसेल त्या बाकावर बसतात आणि आम्हाला पुढे व्हायला सांगतात. देवमाणूस.

आतली दालनं, गालिचे, भिंतीवर तलवारींची वर्तुळं. मला बरं वाटलं, कारण चढण अशी फारशी नव्हती. आईंचा मात्र हिरमोड. 'हा किल्ला कसला, हे तर राहतं घर. तटावर सोडत नाहीत म्हणजे काय?' प्रत्येक खोलीतली माहिती वाचून झाली, आधी इंग्रजीत, मग बाबांसाठी मराठीत.

परतताना कारमध्ये म्हणाल्या, पुढचा किल्ला चढायचा बघ रे निखिल. नि.ने आरशात माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.

मंगळ. १० जून

वर्क फ्रॉम होम. खाली आईंची लसणाची फोडणी. टीम कॉल म्यूट करून बाथरूम, नळ सोडून ठेवला. बाहेर आले तर आई दारात उभ्या. इतकी ॲसिडिटी बरी नाही, एन्डोस्कोपी करून घे म्हणाल्या.

संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसल्या. हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानाने हळू. नाशिकला एक डॉक्टर आहेत, खूप जणींना गुण आलाय, जाताना आमच्याबरोबर पंधरा दिवस चल. मायेनेच म्हणत होत्या, कळतं मला. जिभेवर आलं होतं, की अहो, आहे. पोटात आहे आत्ता. बघू म्हणाले आणि भांडी लावायला उठले. डिशवॉशर होता, तरी हाताने घासली.

शनि. १४ जून, वॉरिक



बुरुजाच्या पायथ्याशी पाटी. वर जायचा जिना वेगळा, उतरायचा वेगळा, एकदा चढायला लागलं की मागे फिरता येत नाही. आणि खाली कोणी चढू नये ते. आई अर्थातच थांबल्या. आम्हा तिघांना ऐकवत वाचलं. 'हृदयविकार असलेले, चक्कर येणारे, गरोदर स्त्रिया.' मग एकेकाकडे बघून म्हणाल्या, 'आपल्यातलं कोणी नाही. व्हा पुढे.'

नि.ने माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या बुटांकडे. मीच शपथ घातलेली. तरी.

बाबा म्हणाले मला येते बाबा चक्कर, आणि बसले. मी म्हटलं मी थांबते त्यांच्यासोबत. तर आई हसत म्हणाल्या, 'अगं, ते म्हातारे झाले. तुला काय धाड भरली? एवढं चढवत नाही, तर उद्या पोर कडेवर घेऊन कशी धावशील?'

डोक्यात तिडीक गेली. गेले चढत. अरुंद गोल जिना, दगड मधोमध झिजलेला, कठडा म्हणून नुसता दोर. मागे शाळेची सहल, त्यामुळे थांबायचीसुद्धा सोय नाही. एक बुरूज संपला की तटावरून दुसरा. मनात एकच, धर, घट्ट धर. कोणाला सांगत होते, स्वतःला की पोटातल्याला, माहीत नाही.

वर आई लहान मुलीसारख्या खूश. खाली नदी दाखवली. सेल्फी काढला, लगेच ग्रुपवर टाकला. मी त्यात मस्त हसतेय.

रवि. १५ जून

सकाळी डाग. आधी तपकिरी, मग लाल.

हेल्पलाइनवरच्या बाईचा आवाज शांत. खूप वाढलं तर इमर्जन्सीला या, नाहीतर बुधवारी क्लिनिक. जिने चढल्यामुळे असं होत नाही, स्वतःला दोष देऊ नका, असं पुन्हा पुन्हा म्हणाली. मी हो हो म्हणत राहिले. विश्वास एका अक्षरावर नाही. नाशिकला असते तर इंजेक्शन आणि बेडरेस्ट, उठायचं नाही. इथे म्हणतात नेहमीसारखं वागा. नेहमीसारखं म्हणजे कसं ते एकदा लिहून द्या म्हणावं.

नि.शी भांडण, तेही कुजबुजत, भिंती कागदाच्या.

'तू बोलला का नाहीस?'

'तूच शपथ घातलीस.'

'सगळ्या शपथा पाळतोस का? सिगरेट सुटली का?'

तो पलंगाच्या कडेला बसून रडला. मला रडूसुद्धा आलं नाही, नुसता राग. त्याचा, त्यांचा, सगळ्यात जास्त माझाच. खालून आईंनी पोहे तयार आहेत म्हणून हाक मारली. गेलो. खाल्ले.

बुध. १८ जून

ऑफिसला जातोय म्हणून दोघंही निघालो. स्कॅन. स्कॅन करणारी बाई आधी नुसती मोजमापं घेत राहिली. मग स्क्रीन वळवला. ठोका आहे. पण मंद आहे, आणि वाढ तारखेच्या मानाने कमी. तारीख चुकली असेल, किंवा. ते किंवा तिने पुरं केलं नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा या. तोवर नेहमीसारखं वागा.

घरी आलो तर आई दारातच. दोघं एकदम, दुपारी, हे चेहरे. काय झालंय, भांडलात का, वेगळं होताय का, एकामागून एक. मी बूटसुद्धा काढले नव्हते. तिथेच सगळं सांगितलं. लाडूंचं, फोनचं, शपथेचं. वॉरिकचं. आवाज चढला माझा. म्हटलं, 'आई, तुम्ही सगळ्यांना सांगता. मग माझं दुःख माझं राहत नाही.'

आई जिन्याच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, 'मी वाचलं गं ते. तुझ्यासमोर उभं राहून वाचलं.'

बाबांनी माझ्या हातातली बॅग घेतली. आईंचा फोन वाजत होता, उचलला नाही. रात्री मऊ वरणभात, वर तूप. फोडणी नाही.

शनि. २१ जून, कॉन्वी

जायचं की नाही यावर दोन दिवस गेले. क्लिनिकने हरकत नाही सांगितलं, घरात बसून मी भिंती खरवडल्या असत्या. म्हणून वेल्स. डाग कमी, तपकिरी. मळमळही कमी झालीय. हे चांगलं की वाईट? गुगल करायचं नाही असं ठरवलंय आणि सकाळपासून तेच चाललंय.

मी किल्ल्याच्या चौकात बसले. नि. आणि बाबा कडेकडेने फिरायला गेले, आई बुरुजावर. जा म्हणून मीच सांगितलं, उगाच माझ्याजवळ तोंड पाडून बसू नका. थोड्या वेळात परत. दमून नाही. म्हणाल्या अर्ध्यावर गेले, पुढे पायच उचलेना.

बराच वेळ दोघी समुद्री पक्ष्यांचा कलकलाट ऐकत बसलो. मग आईंनी विचारलं, 'देवाला तरी सांगू ना? तो काही ग्रुपमध्ये नाही.'

आठवडाभरात पहिल्यांदा हसले. मग त्यातूनच रडू फुटलं, थांबेना. आईंनी हात धरून ठेवला. सांगा म्हटलं.

शुक्र. २७ जून

वेटिंग रूम. समोर दोघीजणी, एकीचं पोट चांगलं दिसतंय. तिच्याकडे बघायचं नाही.

बाबा कारमध्ये. पार्किंगसाठी कोणीतरी बसायला हवं म्हणाले, तसं काही नव्हतं.

आत माझ्याबरोबर एकालाच सोडतात. नि. उठून उभा. आईंना वाईट वाटेल म्हणून मी काहीतरी बोलायला गेले तर त्याच म्हणाल्या, 'तुम्ही दोघं जा. बाहेर आल्यावर मला सांगायलाच हवं असं नाही. नुसतं निघू म्हण, मी उठेन.'

आता पर्स मांडीवर धरून समोरच्या भिंतीकडे बघतायत.

नर्स दारात आलीय. नाव धड उच्चारता येत नाही तिला, पण माझंच आहे.