कमळाचा बसलेला आवाज

२ नोव्हेंबर
पोरीचं, करिष्माचं लग्न ठरलं. सोळा फेब्रुवारी. त्याआधी कान दाखवायचाच. डावा लहानपणी खाडीत पोहून वाहायला लागला, तो सोडूनच दिलाय. आता उजवाही चार वर्षं वाहतोय. वास येतो म्हणे. शेजारच्या पॉवरलूमवाल्या अन्सारीभाईंकडून अत्तराचा फाया घेऊन कानात खोचला. काल्हेरच्या गोडाऊनवर कामाला गेलो की सगळे वळून बघतात. रुबाब वाढलाय.

१९ नोव्हेंबर
वाईट वाटतंय. कमळाचा आवाज बसला. बायको म्हणून सांगत नाही, पण ती गावची धवलारीण. तीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात मांडवाखाली धवले तिनेच गायले. मी तिच्यावर भाळलो तोही एका हळदीत तिचं गाणं ऐकूनच. आज ओटीवर करिष्माच्या हळदीसाठी सराव करत होती, तर नुसती गुणगुण. काशीवहिनी शेजारी बसून डोळे पुसत होत्या. त्यांनाही कळलं असणार.

३ डिसेंबर, सकाळी
आमचे चिरंजीव कुणाल म्हणतात, पप्पा, कान तपासा. मीच चाचणी घेतली. माझा आवाज मला खणखणीत ऐकू येतो, पूर्वीपेक्षा जास्त. लूमच्या खडखडाटात अन्सारीभाई बोलतात त्यातला शब्द न शब्द कळतो. म्हणजे कान ठीक. वाहतो तेवढाच. लसणाचं कोमट तेल सुरू. डॉक्टर लग्नानंतर.

२१ डिसेंबर
आज कमळाला सांगितलं. हळूच, एकटीला गाठून. म्हटलं, तुझा आवाज गेलाय, पोरीच्या लग्नात हसं नको, हळदीला नुसती बस. ती काहीतरी बोलली, फार नाही. पटलं असावं. नंतर कुणाल भडकला. म्हणे तुम्ही एवढ्याने ओरडलात की अख्ख्या आळीला कळलं. काहीतरीच.

१५ फेब्रुवारी
हळद झाली. डीजे मानकोलीचा. एकदम स्पष्ट. बायांनी कमळाला गायला ओढलं, तिने मान हलवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. करिष्मा आईच्या मांडीत तोंड खुपसून रडली. मुली रडतातच. कमळाची अब्रू राखली, याचं समाधान.

४ मार्च
चक्कर येऊन पडलो. कुणालने ठाण्याला डॉक्टरकडे नेलं. कानाला यंत्र लावून आवाज आला की बटण दाबा म्हणाले. फारसं दाबलं नाही, कारण आवाजच आला नाही. यंत्र बिघडलं असेल म्हटलं.
डॉक्टर बोलले ते कुणालने कागदावर लिहून दिलं. पू साठून साठून आतलं अस्तर सुजलं, त्यावर लाल मांस वाढलं. पडद्याच्या भोकातून बाहेरची कातडी आत शिरली, तिची गाठ झाली. कॅन्सर नाही, पण हाड खाते. आवाज आत पोचवणारी तीन बारीक हाडं असतात. उजव्यातली दोन उरली नाहीत, डाव्यात एकही नाही. स्वतःचा आवाज कवटीतून पोचतो, म्हणून मोठा वाटतो. लूमपाशी माणसं ओरडूनच बोलतात, म्हणून तिथलं कळतं. ऐकू कमी होऊन तीन वर्षं तरी झाली.
तीन वर्षं. मग कमळाचा आवाज?

५ मार्च
काशीवहिनींना ओटीवरच्या त्या सरावाचं विचारलं. कानाशी ओरडून म्हणाल्या, कधी नव्हे इतकी छान गायली होती त्या दिवशी, म्हणून तर रडू आलं. घरी येऊन जेवलो नाही. हे मी काय करून बसलो.

२३ मार्च
ऑपरेशन झालं. उजव्या कानाला पट्टी. गाठ काढली, ऐकू किती येईल सांगता येत नाही म्हणे. कमळाला म्हटलं, चुकलो, एक धवला गा. मनाशी ठरवलं होतं, ऐकू येवो न येवो, दाद द्यायची. ती खाटेशी बसली. तिचे ओठ हलू लागले. मी डोळे मिटले, मान डोलावली, मोठ्याने वा म्हटलं.
डोळे उघडले तर ती उठून गेली होती. कुणालने मोबाइलवर लिहून दाखवलं, आई गात नव्हती. ती म्हणत होती, "माझा धवला करिष्माचे हलदीचा होता. ती सासरला गेली. आता कोनासाठी गाऊ?"
यावर मी वा म्हटलं होतं.