दादा लॉजवर उतरला तेव्हा

श्री

नागपूर,
ता. १४ नोव्हेंबर १९७८

ती. स्व. दादास,
तुळशीदासचा सा. न. वि. वि.

नमस्कार लिहितो कारण पत्रात लिहायचा असतो. परवा समोर होतास तेव्हा घालायला निघालो होतो, तर तू भिंतीकडे बघत राहिलास.

वसईची ऑर्केस्ट्रा पार्टी आमच्या लॉजवर उतरणार हे कळलं त्या दिवसापासून मी वेड्यासारखा नाचत होतो. आचाऱ्याला सांगितलं, माझा दादा येतोय, क्लॅरिनेट वाजवतो, ऐकलंस तर पोळी करपेल तुझी. पोरांना सांगितलं, दादा आला की बघा मला कसा हाक मारतो ते. तिसऱ्या मजल्यावरच्या तुझ्या खाटेचे ढेकूण रॉकेलची चिंधी फिरवून मारले. बाकीच्यांच्या खाटांतले मुद्दाम ठेवले, तेवढी तरी तुझी सोय वेगळी असावी म्हणून.

आणि जिन्यात तू आलास. माझ्या दोन्ही हातांत बादल्या. मी हसलो. तुझ्या मागे ते तबलेवाले विठ्ठलकाका धापा टाकत येत होते. तू माझ्याकडे पाहिलंस, ओळखलंस, दादा, ओळखलंस हे मी शपथेवर सांगतो, आणि म्हणालास की अहो, जरा गरम पाणी पाठवा वर.

अहो! मला! चिंचा पाडल्या म्हणून ज्याला तू मळ्याच्या बांधावरून फरपटत नेलं होतंस त्याला अहो! शिवी हासडली असतीस तर मी बादल्या टाकून पाया पडलो असतो. दोन दिवस अहो पाणी, अहो चादर, अहो ढोलकी शेकायला निखारे आणा. तुमचे ते चमचमते कोट गादीखाली घालून इस्त्री व्हावेत म्हणून गादी मीच उचलून धरली आणि तू खाली कोट सारलास. हाताला हात लागला तरी बोलला नाहीस.

कार्यक्रमाला मी आलो होतो. कनातीजवळ उभा होतो. तुझं वाजवणं चांगलं झालं. टाळीला हात वर आले, ते खिशात घातले.

तुम्ही गेल्यावर खोली झाडायला मीच. खाटेखाली केळीची सुकी पानं पडलेली. त्यांवर बांधलेल्या केळीच्या सोपटाच्या दोरीची गाठ बघितली आणि खालीच बसलो. ती गाठ आईचीच, शेवटचा फेरा उलटा घेते ती. आपल्याच मळ्यातली केळी वाळवून केलेली या सालची पहिली सुकेळी तिने माझ्यासाठी दिली असणार. ती तुझ्या वाजपी लोकांनी खाल्ली आणि पानं मी केरात भरली.

इथली पोरं आता विचारतात, काय रे, तुझा दादा त्यातला कोणता?

मला काय सांगू ते कळव. लोभ ठेवायचा असेल तर चारचौघांत ठेव, नाहीतर राहू दे.

तुझा (असलो तर)
तुळशीदास


॥ श्री ॥

भुईगाव,
ता. २५ नोव्हेंबर १९७८

चि. तुळशीदासास अ. उ. आशीर्वाद.

पत्र मिळाले. भाषा आवडली नाही. वडील असते तर असे लिहायची तुझी छाती झाली नसती.

तू लॉजवर पाणी भरतोस असे पहिल्या पत्रात लिहिलेस तेव्हा ते आईला वाचून दाखवताना माझी जीभ अडली. आपल्या मळ्यावर चार माणसे कामाला येतात आणि आपल्या घरचा मुलगा परक्यांच्या बादल्या उचलतो, हे तिला कसे सांगू? मी वाचले की तुळशी तिथे मॅनेजर आहे. तिने ते शेजारी सांगितले, शेजाऱ्यांनी सोपाऱ्यापर्यंत नेले. तिथल्या विठ्ठलकाकांनी स्वतः होऊन त्यांच्या नर्मदेसाठी तुझी चौकशी केली. मुलगी सातवी शिकलेली, कामाची, त्यांची स्वतःची वाडी. चौथीत शाळा सोडलेल्या, मिठागरावरून पळालेल्या, भिवंडीच्या मागावरून पळालेल्या माणसाला असे स्थळ पुन्हा येणार नाही.

गाडीत मी काकांना म्हणालो होतो की नागपूरला मुलगा दाखवतो. तू गल्ल्यावर नाहीतर निदान स्वच्छ कपड्यांत असशील असे वाटले होते. जिन्यात तू तसा दिसलास आणि माझे डोके चालेना. मॅनेजर गावाला गेला आहे असे सांगून वेळ मारून नेली. सुकेळी काकांनी पिशवीत पाहिली, कोणासाठी म्हणून विचारले, तेव्हा तुमच्यासाठीच असे म्हणावे लागले. हे सर्व कोणासाठी केले? माझ्यासाठी?

थोडे डोके थंड ठेव. मोठ्या भावाविषयी मनात वाईट आणू नये.

तुझा
भालचंद्र


नागपूर,
ता. ४ डिसेंबर १९७८

सौ. द्वारकावहिनीस तुळशीचा नमस्कार.

हे पत्र तुलाच लिहितो, दादाला लिहायचं नाही असं ठरवलंय. तू वाच आणि चुलीत घाल, किंवा त्याच्या ताटाजवळ ठेव, तुझी मर्जी.

वहिनी, तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी चड्डी सावरत फिरत होतो. मी खोटं बोललो असेन, चोरून पेरू खाल्ले असतील, पण या नोकरीबद्दल एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं की पाणी भरतो, चादरी बदलतो, जिन्याखाली झोपतो. दादाने मला मॅनेजर केलं आणि मग मी मॅनेजर दिसलो नाही म्हणून मलाच पुसून टाकलं. वर विचारतो कोणासाठी केलं!

त्याला सांग, गवयी-वाजपी उतरतात ना, ते कोणाच्या जिवावर? आमच्या लॉजवर महिन्याला एक तरी पार्टी असते. दुपारी उठणार, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करणार, गाणाऱ्या बाईला दूध वेगळं, पेटीवाल्याला खिडकीजवळची खाट. शेजारच्या खोलीतला औषधविक्या भिंत बडवतो की तालीम बंद करा, तेव्हा शिव्या कोण खातं? मी. स्टेजवर चढून हात जोडणारे हे, आणि त्यांनी थुंकलेलं मोरीत ढकलणारा मी. मला त्याची लाज नाही वाटत. दादाला वाटते. मग दादाने वरच्या दर्जाच्या हॉटेलात उतरावं, जिथे सगळे पट्टेवाले अनोळखी असतात.

काल एक पाव्हणा म्हणाला, रायपूरला त्याच्या साडूचं लाकडाचं काम आहे, चल. मी जाणार होतो. मग म्हटलं तुला एकदा कळवावं. ऐकतोय की फेब्रुवारीत दादाची पार्टी परत इथे येणार. तोवर थांबतो. काकांच्या आणि सगळ्यांच्या देखत हा माझा भाऊ एवढं तो म्हणाला तर मी भुईगावचा. नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी रायपूर, आणि पत्ता कळवणार नाही. तुलाही नाही. राग मानू नकोस.

आईला यातलं सांगू नकोस. तिला नमस्कार तेवढा सांग.

तुझा
तुळशी


॥ श्री ॥

भुईगाव,
ता. ९ जानेवारी १९७९

चि. तुळशीस वहिनीचे पोटभर आशीर्वाद.

उशीर झाला, वाढलेल्या पानवेली खाली घ्यायची उतरण चालू होती आणि घरात बोलाचाली. तुझं पत्र चुलीत घातलं नाही आणि ताटाजवळही ठेवलं नाही. ताटाच्या खाली ठेवलं. यांनी ताट उचललं, वाचलं, न जेवता मळ्यात गेले. भात मांजरीने खाल्ला. घरात त्या दिवशी पोट भरलं ते तिचंच.

आईंना सांगू नको म्हणालास, पण मी सांगायच्या आधी जेम्सने घोळ घातला. हा पापडी गावचा, यांच्या पार्टीत ट्रम्पेट वाजवतो, नागपूरला होता. तालमीला यांना बोलवायला आला आणि ओट्यावर बसून आईंसमोर मोठ्याने हसायला लागला की भालू, त्या नागपूरच्या लॉजवरच्या पाणीवाल्याचं नाक बघितलंस काय, अगदी तुझं, तुझा बाप कधी तिकडे गेला होता काय? हे पांढरे पडले. आईंनी सुपातले तांदूळ निवडणं थांबवलं. जेम्स गेला आणि त्यांनी यांना समोर बसवलं. सगळं निघालं.

मला वाटलं रडतील. छे. म्हणाल्या की मी जन्मभर वेलींना पाणी वाहिलं, तो माणसांना वाहतो, वेली निदान शिव्या देत नाहीत, तेवढं त्याला जड जात असेल. मग यांना म्हणाल्या की तू मला मॅनेजरची आई केलंस ते गेलं उडत, पण माझ्या हातचं दुसऱ्याला वाटलंस आणि ज्याचं त्याला दिलं नाहीस. त्या दिवसापासून त्या यांच्याशी बोलत नाहीत. माझ्यामार्फत बोलतात. हे शेजारी बसलेले असले तरी मला म्हणतात, त्याला सांग मीठ घे. माझा जीव मेटाकुटीला आलाय.

तू चिडलास ते खरं आहे, पण ऐक. हे वाईट नाहीत, भित्रे आहेत. लोक काय म्हणतील ते लोकांच्या आधी यांना ऐकू येतं. विठ्ठलकाकांना सांगा, मी म्हटलं. उद्या सांगतो, गाडीत सांगतो, असं चालू आहे. नर्मदेचं म्हणशील तर मुलगी चांगली आहे, बाजारात भेटते, मला आवडते. पण खोट्यावर ती घरात आली तर पहिल्याच पावसात घर गळेल, हे मी यांना स्पष्ट सांगितलंय.

येत्या महिन्याच्या आठ तारखेला पार्टी निघेल. तू रायपूरचं नाव काढू नकोस. निदान त्यांना जिना चढू दे.

भांडलास तरी आपलेपणा सोडू नकोस, एवढंच मागणं.

तुझी
वहिनी


नागपूर,
ता. १२ फेब्रुवारी १९७९

सौ. वहिनीस तुळशीचा नमस्कार. वि. वि.

झालं ते जसं झालं तसं लिहितो, मधे तिखटमीठ नाही. दादा येऊन वेगळं सांगेल, तर माझं खरं धर.

पार्टी परवा सकाळी आली. मी बोचकं बांधून जिन्याखाली ठेवलं होतं. दादा पुढे होता. माझ्याकडे बघून थांबला, तोंड उघडलं, आणि मागून काका येताना दिसले तसं मिटलं. गाडीत सांगतो म्हणाला होता ना? गाडीत त्याने काही सांगितलं नव्हतं. मी मनात म्हटलं, संपलं. रायपूरवाल्याला निरोप पाठवायला मी पोरगा शोधत होतो.

दुपारी सगळे तिसऱ्या मजल्यावर मोरीच्या दाराबाहेर उभे, आंघोळीसाठी. बंबाचं लाकूड ओलं, पाणी कोमट. काकांनी तांब्या अंगावर घेतला आणि ओरडले. टॉवेलवरच बाहेर आले, मला म्हणाले, हरामखोरा, हे गरम पाणी? मी म्हटलं लाकूड ओलं आहे, थांबा जरा. तर म्हणाले, उलट बोलतोस, तुला घरी कोणी काही शिकवलं की नाही, कोणाचं पोर आहेस तू?

वहिनी, सगळे होते. जेम्स होता, गाणारी बाई होती, आमची दोन पोरं होती. मी बादली खाली ठेवली. मारणारच होतो, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात दादा खोलीच्या दारात आला. अंगावर बनियन, एका गालाला साबण, दाढी अर्धी. म्हणाला, काका, मी शिकवलंय त्याला. माझा धाकटा भाऊ आहे. तुमच्या नर्मदेसाठी दाखवणार होतो तो हाच. मॅनेजर कोणी नव्हता, ते मी खोटं बोललो होतो.

आवाज फाटला होता त्याचा. क्लॅरिनेटच्या तोंडाची पट्टी चिरली की निघतो तसा.

मग जेम्स म्हणाला, नाक मी आधीच ओळखलं होतं, माझं कोणी ऐकत नाही. काका टॉवेल धरून उभे. ते दादाला बरंच बोलले. मला फसवलंस, माझ्या पोरीला फसवलंस, अख्ख्या सोपाऱ्यात सांगीन. सांगू देत. खरं आहे ते. संध्याकाळी वाजवायला बसले, पण दादाकडे पाठ करून. ते स्थळ गेलं असं समज. मला त्या मुलीचं वाईट वाटलं, तिचा यात काय दोष.

आणि मी काय केलं विचारशील. दादाच्या पाया नाही पडलो. तो माझ्याकडे आला, मी परत उचललेली बादली ओढायला लागला की मी नेतो. मी म्हटलं सोड, तुला जमणार नाही, सांडशील. तो सोडेना. मी पण सोडेना. पोरं बघतायत, मालक खालून ओरडतोय, आणि आम्ही दोघं बादली ओढतोय. सांडलीच. तिसऱ्या मजल्यापासून खाली गल्ल्यापर्यंत पाणी. मी त्याला शिव्या दिल्या, ज्या भुईगावात दिल्या नसत्या. त्याने ऐकून घेतल्या. मग मी फडकं आणलं तर त्याने दुसरं आणलं. वरच्या पायऱ्या त्याने पुसल्या, खालच्या मी. पुसायचं येत नाही त्याला, पाणी नुसतं इकडचं तिकडे करतो. पोरांनी विचारलं, हाच का रे दादा? मी म्हटलं, हाच, बघून घ्या, असा असतो.

राग गेलेला नाही, हे लिहून ठेव. त्याने मला भाऊ म्हणावं म्हणून आधी कोणीतरी मला शिवी द्यावी लागली, हे मी विसरणार नाही. काकांच्या मुस्काटात मी दिली असती तर बरं झालं असतं असं अजून वाटतं.

पण बोचकं सोडलं. त्यातलं धोतर दादाने परत जाताना नेलंय, त्याचं भिजलं होतं.

शिमग्याला येतो. मालकाने सुट्टी दिली नाही तर नोकरी सोडून येतो, नोकऱ्या काय, पडल्यात. आईला सांग की दादाशी आता बोल, म्हणजे वहिनी, तुझा जीव तरी सुटेल. आणि दादाला सांग, आल्यावर दोन दिवस मी त्याच्याशी एक शब्द बोलणार नाही. तिसऱ्या दिवशी भांडेन. तेव्हा मळ्यातली माणसं लवकर घरी पाठव, मला मोकळ्या आवाजात भांडायचंय.

सगळ्यांवर जीव आहेच, त्याच्यावरही आहे, ते मात्र त्याला वाचून दाखवू नकोस.

तुमचाच
तुळशी