पाजेची दोन हॉटेलं

४ मे, सकाळी
बायको, हिदाया, हॉस्पिटलातून घरी येऊन महिना झाला. ऑपरेशननंतर तिने एकच गोष्ट मागितली: दोन दिवस झांझिबारला जाऊन समुद्रासमोर नुसतं बसायचं. हॉटेल मी निवडणार. बावीस वर्षं दार-एस-सलाममध्ये भूगोल शिकवतोय, हे काम दुसरं कोण करणार? पुढच्या रविवारपर्यंत निर्णय.

११ मे
रविवार. निर्णय नाही, पण प्रगती भरपूर. पाजे गावातली दोनच हॉटेलं उरली आहेत, 'कराफू हाउस' आणि 'प्वानी'. दोन्हींत आठ-आठ खोल्या. कराफूची वाळू बरी, प्वानीला वारा बरा. हिदाया म्हणाली, "बाबा रुकिया, कुठलंही घ्या." (रुकिया आमची मुलगी; तिच्या नावानेच ती मला हाक मारते.) तिला अभ्यासाचं महत्त्व कळत नाही.

१९ मे
भरती-ओहोटीचा तक्ता केला. तीन रंगांत. निर्णय जवळजवळ झालाच.

२३ मे
कराफूला फोन. बी म्वानाहेरी नावाची बाई ('बी' म्हणजे बाई), आवाज गोड; मी शिक्षक म्हटल्यावर मला लगेच 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी, म्हणू लागली. समुद्रासमोरची खोली आधीच गेली म्हणाली. मी सांगितलं, माझी बायको फार चोखंदळ आहे, साधं काही तिला चालतच नाही, घरात आम्ही सगळे तिला घाबरून असतो. असं म्हटलं की लोक ऐकतात. हिदायाला कळायचा प्रश्नच नाही. शिवाय प्वानीवाले तशी खोली देतायत, हेही सांगून टाकलं. अजून देत नाहीत. देतील.

२४ मे
प्वानीला फोन. कराफूत पाली फार आहेत म्हणून तुमच्याकडे येतोय, असं सांगितलं. पलीकडच्या बाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्वालिमू, काल माझ्याशीच बोललात. दोन्ही हॉटेलं माझ्या भावाची. पाल कुठल्या खोलीत दिसली तुम्हाला?"
फोन कट झाला. म्हणजे मीच केला.

२ जून
नऊ दिवस फोन केलेला नाही. आज हिदायाने विचारलं. दोन्ही फुल आहेत, म्हणालो. ती "बरं" म्हणाली, आणि बॅगेत भरायला काढलेला, अंगावर गुंडाळायचा निळा कांगा घडी करून परत कपाटात ठेवला. मला जेवण गेलं नाही. उद्या नक्की फोन करतो.

५ जून
परवा राहून गेलं. काल शाळेत परीक्षा. आज हिदायाने स्वतःच फोन लावला. कराफूत खोली मिळाली, समुद्रासमोरची. कुणीतरी रद्द केली होती. पाच मिनिटांत काम झालं. मला तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१४ जून, दुपारी, कराफू हाउस
बी म्वानाहेरीने खोलीपर्यंत आणून सोडलं. माझ्याकडे बघितलं नाही. हिदायाला मात्र अदबीने म्हणाली, "उशा बदलून देऊ का? म्वालिमू म्हणाले होते, तुम्हाला साधं काही चालत नाही, घरात सगळे तुम्हाला घाबरून असतात."
तीन आठवडे जनरल वॉर्डात, शेजारच्या म्हातारीला आपली उशी देऊन झोपलेली बाई ती. शांतपणे म्हणाली, "मला सगळं चालतं, बी. त्यांना माझी नीट ओळख नाही."

मग ती व्हरांड्यात जाऊन बसली. मी आत वीस मिनिटं माफीची जुळवाजुळव केली. मुद्दे काढले, तीन. बाहेर जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो, पहिला मुद्दा सुरू केला.
ती म्हणाली, "जरा बाजूला व्हा. समुद्र दिसत नाहीये."
झालो.